कोरा हँडब्रेक

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. हा एक मात्र सोबत घरी आला. यात दरोडा नाही, रक्त नाही, पाठलाग तर अजिबात नाही. तरीही फिर्यादीत कलम होतं खुनाच्या प्रयत्नाचं, आणि ते ज्याच्या माथी बसणार होतं तो होता तिशीतला एक गाडी मिस्त्री. ते कलम टिकलं असतं तर जामिनासाठी त्याचे कित्येक महिने गेले असते, गॅरेजला कुलूप लागलं असतं, आणि गावाने त्याला पुढे त्याच कलमाने ओळखलं असतं. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातले सगळे अजून त्याच बाजारात भाजी घेतात.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सोनाळ्याच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत टेकडीच्या उतारावर एक देऊळ आहे. तिथे नवसाचे रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची तिखट भाजी करायची, आणि बोलावलेल्यांनी व न बोलावलेल्यांनी एकाच पंगतीत बसायचं. त्या दिवशीचा नवस एका नेत्यांच्या कार्यकर्त्यांचा होता. साहेब निवडून आले होते. नवस देवाला बोललेला असला तरी व्यासपीठ साहेबांसाठी होतं, कमान साहेबांसाठी होती आणि कमानीवरचा फोटोही साहेबांचाच होता. देवाला आपल्या जागेवरून हे सगळं दिसत असावं. त्याने काही हरकत घेतल्याची नोंद नाही.

भाजीची वांगी ज्यांच्या मळ्यातली होती ते तात्या साठी ओलांडलेले भाजीवाले शेतकरी. नांदुऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली होती. वांग्यांची पोती तिच्यातूनच आली. पोती उतरवून तात्यांनी गाडी देवळाजवळ, उताराकडे तोंड करून उभी केली. खाली साहेबांचं भाषण रंगात आलं असताना ती गाडी आपल्या आपण निघाली, कमानीचा एक खांब घेऊन व्यासपीठाच्या कोपऱ्याला धडकली आणि थांबली. व्यासपीठ कलंडलं. जनतेसाठी स्वतःला झोकून देण्याची भाषा साहेब नेहमी करत. त्या दिवशी त्यांनी खरोखरच झोकून दिलं आणि मनगट मोडून घेतलं. बाकी कोणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी साहेब गळ्यात हात बांधून ठाण्यात आले. मागे कार्यकर्ते होते.

"हा अपघात नाही," ते म्हणाले. "माझ्या जिवावर उठलेत लोक. त्या गाडीचा ब्रेक गेल्याच आठवड्यात बदललाय. कोणी बदलला ते बघा, तो कोणाच्या गटाचा आहे तेही बघा."

आमचे जुने हवालदार फिर्याद लिहून घेत होते. मान वर न करता ते मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "साहेब, यायच्या जिवावर उठाले लोकाईले टाइम कुठी हाय? कापूस वेचून राह्यले समदे."

फिर्याद मात्र दाखल करून घ्यावी लागली. तेव्हा जुनंच दंड विधान लागू होतं, आणि सांगितलेल्या हकिकतीवरून कलम ३०७ बसत होतं. ब्रेक बदलणारा मिस्त्री निवडणुकीत विरोधी गटाची प्रचाराची जीप चालवत होता, हेही खरं निघालं.

त्यातच ठाण्याचा फोन वाजला. पलीकडून एक माणूस घाईने म्हणाला, "मिस्त्र्यानं ढकलली गाडी. म्या माह्या डोयानं पाह्यलं. मांगून दोन्ही हात लावून होता." आणि फोन बंद.

हवालदारांनी आवाज ओळखला. "हा त आपला स्पीकरवाला."

स्पीकरवाल्याला बोलावलं. माणूस साधा होता, कोणाच्या सांगण्यावरून बोलत नव्हता. व्यासपीठाच्या बाजूला मशीनपाशी उभा असताना त्याने वर नजर टाकली, तेव्हा गाडी हलत होती आणि मिस्त्रीचे दोन्ही हात तिच्या मागच्या बाजूला होते. तेवढंच त्याने पाहिलं, आणि तेवढंच सांगितलं. साक्षीदार म्हणून तो उत्तम होता. हेतू मिळाला, संधी मिळाली, डोळ्यांनी पाहणारा मिळाला. वरिष्ठांना कळवण्याइतका तपास एका संध्याकाळीच झाला. इतका सोपा तपास मला मानवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपत असतानाच मिस्त्री स्वतः चालत आला. हाडकुळा, हातावर ऑइलचे न जाणारे डाग. बाकावर बसायला सांगितलं तरी तो उभा राहिला.

"बिरेकचा दांडा अन् केबल म्याच टाकली, साहेब. मांगच्या चाकाचे लायनरही म्याच बदलले. माह्याच कामात कसर राह्यली असन. घ्या लिहून."

"आणि गाडी ढकललीस?"

"लिहाचं असन त तेही लिहा."

पहिला चहा येण्याआधी कबुली देणारे मी दोन प्रकारचे पाहिलेत. एकाने कबूल केलेल्यापेक्षा मोठं काहीतरी केलेलं असतं. दुसऱ्याने काहीच केलेलं नसतं. मी चहा मागवला. मिस्त्रीने ग्लास अंगठा आणि तळवा यांच्या मध्ये धरला. बोटं वाकवत नव्हता.

"हात दाखव."

दोन्ही हातांच्या बोटांवर, आतल्या बाजूने, पेरांपाशी एका रेषेत कापल्याच्या खुणा होत्या. तळव्यांवर मात्र ओरखडाही नव्हता. मी बाहेर जाऊन ठाण्याच्या जीपला मागून हात लावून पाहिले. गाडी ढकलताना जोर तळव्यावर येतो. बोटं कापायची असतील तर डिकीच्या पत्र्याची कड खालून पकडून मागे ओढावं लागतं. हवालदार मला जीप ओढताना बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही. निवृत्तीला आलेला माणूस अधिकाऱ्याला काही विचारत नाही.

आत येऊन मी म्हणालो, "तू ढकलत नव्हतास. ओढत होतास."

त्याने मान खाली घातली.

"मग सांगत का नाहीस?"

"सांगून काय होते, साहेब? थांबली त नाई ना."

मग तो बाकावर जाऊन बसला, आणि घरी जा म्हटलं तरी उठला नाही. मला दोन गोष्टी कळेनात. गाडी जाणार हे याला आधीच कसं कळलं? आणि वाचवायला गेलेला माणूस स्वतःला आरोपी का करून घेतोय?

दुपारी तात्यांचा जबाब घेतला. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात टोपी.

"बिरेक वढला होता म्या," ते बसायच्या आधीच म्हणाले. "पक्का. कर्र वाजेपरोंत."

"मग सुटला कसा?"

"आजकालच्या मालाचं काय सांगाव, साहेब."

"म्हणजे मिस्त्रीने काम नीट केलं नाही?"

तात्या दचकले. "असं म्या कुठी म्हणलो? पोरगं लय हुशार हाय."

"माल खराब नाही, मिस्त्री हुशार आहे, ब्रेक तुम्ही ओढला होता. मग गाडी गेली कशी?"

बराच विचार करून ते म्हणाले, "देवाची मर्जी."

"देवाला समन्स काढता येत नाही, तात्या. बजावायचं कुठे?"

ते हसले नाहीत. टोपी गोल गोल फिरवत बसले.

त्याच दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला आले. गाडी ठाण्याच्या आवारात जप्त होती. दोन पंच बोलावले, दार उघडलं. आत सगळ्या सीटवर प्लास्टिक. छताच्या दिव्यावर प्लास्टिक. आणि हँडब्रेकच्या नव्या दांड्यावर, कारखान्यातून आली तशी, पारदर्शक पिशवी. खाली बुडाशी ती चिकटपट्टीने पक्की केलेली.

निरीक्षकांनी फोटो काढून घेतले, पंचांना जवळ बोलावलं आणि दांडा एकदाच वर ओढला. बुडापाशी प्लास्टिक चर्रकन फाटलं. त्याआधी ते कुठेही फाटलेलं नव्हतं. चिकटपट्टी लावल्यापासून तो ब्रेक कोणी एकदाही ओढलेला नव्हता. आता मात्र तो असा लागला की चार शिपायांनी मागून रेटलं तरी गाडी हलली नाही. मिस्त्रीच्या कामात कसर नव्हती. त्याच्या कामाला काम करायची संधीच कोणी दिली नव्हती.

तात्यांना आवारात आणलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि पंचांसमक्ष पहिला प्रश्न केला, "पिलास्टिक फाडलं काऊन?"

"तात्या, कर्र वाजेपर्यंत ओढला होता ना?"

तात्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "नवीन हाय ना साहेब तो. रोज रोज वढला त झिजन नाई का?"

"मग बदलला कशाला?"

"जुना खराब झाल्ता ना!"

निरीक्षक पाठ फिरवून झाडाकडे बघू लागले. मला हसता आलं नाही. माझ्या घरचा टीव्हीचा रिमोट आठवला. तो त्याच्या पिशवीसकट म्हातारा झाला. आमच्याकडे नवी वस्तू वापरायची नसते, जपायची असते. चादर पाहुण्यांसाठी, चप्पल लग्नासाठी. हँडब्रेक कशासाठी, हे तात्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

"गिअरमध्ये टाकून उभी करायची होती."

"चालू करतानी उडी मारते. एकडाव बकरीवर गेल्ती."

"मग उतारावर गाडी उभी कशाच्या भरवशावर केली?"

उत्तर हवालदारांनी दिलं. "साहेब, तात्याची गाडी दगडावर उभी राह्यते. अख्ख्या बाजाराले माहीत हाय. मायच्या जुन्या जात्याची फुटकी तळी हाय त्यायच्यापाशी. डिकीत घालूनच फिरतेत. गाडी थांबली का उतरतेत अन् चाकाले लावतेत."

डिकी उघडली. तळी नव्हती. पंचांना घेऊन देवळाशी गेलो. गाडी उभी होती तिथे चाकाजोगा एक उथळ खळगा दिसला, पण जात्याची तळी वर नाही, उतारावर नाही, खालीही नाही. हे तात्यांना सांगितलं तर ते जमिनीकडे बघत म्हणाले, "गेली असन कुठी. नेली असन कोणी."

इथे मला शंका आली. फाटलेल्या प्लास्टिकसाठी हळहळणारा माणूस आईच्या जात्याची तळी हरवल्याचं इतक्या सहज सांगतो, तेव्हा ती हरवलेली नसते. ती कुठे आहे हे त्याला माहीत असतं, आणि बहुधा घरच्या बाईलाही.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी महिला अंमलदार सोबत घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. तात्या मळ्यात होते. त्यांच्या कारभारीण ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. गावातली तरुण पोरं त्यांना मोठीमाय म्हणतात, म्हणजे थोरली काकू. पाण्याच्या हौदाला टेकून, राखेने घासून लख्ख केलेली जात्याची अर्धी तळी उभी होती. लपवलेली नव्हती. वाळत ठेवली होती.

"वहिनी, ही तळी कुठली?"

"सासूबाईच्या जात्याची," त्या जुडी बांधता बांधता म्हणाल्या. "जन्म गेला त्यायचा याच्यावर दयण्यात. अन् हे गाडीच्या चाकाखाली घालतेत! अन्नाचा दगड हाय हा, साहेब. याले पाय लागला त पाया पडाव, अन् हे त्याच्यावर गाडी चढोतेत. कितीकदा सांगतलं, आयकत नाईत."

"मग इथे कशी आली?"

"म्याच आणली. रोडग्याच्या दिवशी भाजीच्या चुलीले एक दगड कमी पडला. बाया इकडं तिकडं पाहून राह्यल्या. म्या म्हणलं, याच्यापक्षा चांगला मोका कोणता? गेली अन् चाकाखालून काढून आणली. चाक खळग्यात होतं, अल्लाद निंघाली. हयद-कुंकू वाह्यलं अन् चुलीले लावली. लय शोभली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचे हात थांबले. "काऊन?"

"दगड काढल्यावर गाडी कशाने थांबणार होती?"

"नवा बिरेक टाकला ना तिले!"

दांड्यावरच्या न फाटलेल्या पिशवीचं मी त्यांना सांगितलं. आपण काय केलं, ते मोठीमायच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. गाडी खळग्यात तेवढ्यापुरती अडकून होती. नंतर कोणी कार्यकर्ता तिला टेकला असेल, आणि ती निघाली असेल.

"म्हंजे माह्याच्यानं गेली ती?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी."

"अन् पोट्टं तुमच्या ठाण्यात हाय?" त्या उठल्या. मेथी तशीच राहिली. "त्याची माय गेली तवापासून माह्याच हातचं खाते तो. चला."

"तुम्हाला ठाण्यात बोलावता येत नाही कायद्याने."

"तुम्ही कुठी बोलावून राह्यले? मी येऊन राह्यली."

ठाण्यात आल्यावर त्या सरळ मिस्त्रीपाशी गेल्या आणि त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. कोठडीबाहेर झालेल्या या मारहाणीची मी दखल घेतली नाही.

"काऊन बे मेल्या, तुले काय वाटलं? तू जेलात जाशील अन् मी घरी मेथी निवडत बसन?"

"मोठीमाय, तुले दगड नेतानी पाह्यलं होतं म्या," मिस्त्री म्हणाला. "तात्या बिरेक वढत नाईत हे मले माहीत होतं. पयत आलो त दार लॉक. दुसरा दगड पाहू लागलो, तवाच निंघाली. पकडली, पण नाई थांबली."

"मले आवाज काऊन नाई देल्ला?"

"देल्ला ना! खाली सायबाचं भाषण चालू होतं, चार भोंग्यावर. कोणाले आयकू जाते?"

तोवर हवालदारांनी तात्यांनाही मळ्यातून बोलावून घेतलं होतं. ते दारातच थबकले. मोठीमाय वळल्या. "अन् तुम्हाले? तुम्हाले कवा समजलं?"

"पंगतीत," तात्या पुटपुटले. साहेबांना दवाखान्यात नेल्यावरही पंगत झाली होतीच. रोडगे वाया घालवत नाहीत. "भाजी घ्याले चुलीपाशी गेलो त दगड दिसला. म्या म्हणलं, आता बिरेक सुटला म्हणून सांगाव. लोखंडाले का कोणी जेलात टाकते?"

"लोखंड कोणं बसोलं होतं?"

तात्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बायकोला वाचवायला त्यांनी लोखंडाला पुढे केलं, आणि लोखंडाच्या मागे तो पोरगा उभा होता. ते त्याच्याजवळ जाऊन बाकावर बसले. डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लिहा साहेब," मोठीमाय मला म्हणाल्या. "दगड म्याच काढला. याचं नाव खोडा पह्यले."

आता उरले होते नेते. मी त्यांच्या बंगल्यावर गेलो आणि तपास पूर्ण झाल्याचं सांगितलं.

"कोण निघाला?" ते पुढे सरकले. "त्याच गटाचा ना?"

"साठीच्या एक बाई निघाल्या. घटनेच्या वेळी त्या तुमच्याच नवसाची भाजी रांधत होत्या. हत्यार म्हणाल तर जात्याची तळी, आणि तीही चुलीला लावलेली. पुरावे भक्कम आहेत. तुमचं म्हणणं कटाचंच असेल तर तसं वर्तमानपत्रांना कळवतो."

साहेबांनी गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त फार दिवस कमानीखालून चालला होता.

"वांग्याची भाजी त्यांनी केली होती?"

"हो."

"चांगली झाली होती म्हणतात. मला मिळालीच नाही." मग ते म्हणाले, "गैरसमज झाला असं लिहा."

खुनाच्या प्रयत्नाचं कलम वगळण्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. मिस्त्रीचं नाव निघालं. गाडी निष्काळजीपणे उभी केल्याचं कलम तात्यांवर राहिलं, ते योग्यच होतं, आणि लोकअदालतीत साहेबांच्या संमतीने मिटलं. त्या दिवशी मोठीमाय कोर्टाच्या आवारात डबा घेऊन आल्या होत्या. तो कोणासाठी होता हे साहेबांच्या ड्रायव्हरला माहीत आहे.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की माणूस खोटं बोलला तर त्यात त्याचा फायदा शोधा. या प्रकरणात दोन माणसं माझ्याशी खोटं बोलली, आणि दोघांचाही फायदा मला सापडला नाही. मिस्त्री तुरुंगात जायला निघाला होता, तात्या देवाला आरोपी करायला निघाले होते. गुन्हेगाराचं खोटं एका सरळ रेषेत जातं, त्याच्या मागे चालत गेलं की माल सापडतो. एकमेकांवर जीव असलेली माणसं खोटं बोलू लागली की त्यांची खोटी बोलणी एकमेकांत अडखळतात, आणि मध्ये पडतो तो तपास अधिकारी. अशा वेळी कोणाचा फायदा होतो हे विचारून काही हाती लागत नाही. कोण कोणासाठी स्वतःचं नुकसान करून घेतंय, ते पाहावं लागतं.

पुढच्या नोकरीत कोणी फार लवकर कबुली द्यायला लागला, की मी लिहिणाऱ्याला थांबवायचो आणि समोरच्याला आधी एवढंच विचारायचो, "घरी तुला जेवायला कोण वाढतं?"